कॉम्प्रेसर गेला नव्हता

आमच्या गाडीच्या एसीचा आवाज मला ‘घुर्रर्र’ असा ऐकू यायचा आणि हिला ‘टकटकटक’ असा. सप्टेंबरअखेरपासून दिवाळीपर्यंत या एका मुद्द्यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी मुलीच्या बारावीच्या निकालावरही झाली नसेल. ‘अहो, घुर्र कुठलं? माझ्या गुडघ्यापाशी कुणीतरी टिचक्या मारतंय,’ असं तिचं म्हणणं. मला टिचक्या अजिबात ऐकू येत नव्हत्या. मी फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. ट्यूनिंग फोर्क आणि सोनोमीटर (ताणलेल्या तारेवर सूर मोजायचं साधन) मुलांना काढून देण्यात आणि परत कपाटात ठेवण्यात निम्मं आयुष्य गेलंय, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत माघार घेणं मला जरा जडच जातं.

गाडी २०१४ ची, छोटी हॅचबॅक. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, माझं कॉलेज माटुंग्याला, आणि जाणं-येणं लोकलनं. गाडी निघते ती सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायला, लग्नकार्याला किंवा चिपळूणला जायला. बाकी वेळ ती बिल्डिंगच्या कंपाउंडात रेनट्रीखाली उभी. हे झाड आणि जुलैतला एक दिवस, दोघांचाही या गोष्टीत हात आहे. जुलैत सासूबाईंना दादरहून परत आणताना किंग्ज सर्कलला गांधी मार्केटपाशी पाणी भरलं होतं. मागे बेस्टची बस, पुढे टॅक्सी, बाजूला दुभाजक. अशा वेळी मुंबईत गाडी पाण्यातून जाते, आपण नेत नाही. पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत होतं. गाडी बंद पडली नाही याचंच कौतुक झालं आणि विषय संपला.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एसी रोज लागायला लागला तेव्हा आवाज पुढे आला. एसी गार मात्र उत्तम करत होता. सायन ते विक्रोळी हायवेवर दुपारी अडीच वाजता मागच्या सीटवर सासूबाई शाल मागायच्या, इतका. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत होतो आणि कुणीही तिच्याकडे लक्ष देत नव्हतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये टाय लावलेला एक मुलगा माझ्याबरोबर बाहेर एक चक्कर मारून आला, बोनेट उघडून वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘सर, कॉम्प्रेसर गेलाय. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.’ अंदाजपत्रक हातात आलं ते अठ्ठावीस हजारांच्या वर. मी म्हटलं, अरे पण गार तर मस्त होतंय. ‘आतून गेलाय सर, कधीही बंद पडेल.’ आणि टकटक कशाची? ‘तीही कॉम्प्रेसरचीच.’ त्यानंतर घाटकोपरला रस्त्याकडेच्या एका एसीवाल्याकडे गेलो. त्यानं खिडकीतूनच निकाल दिला. ‘गॅस कमी झालाय काका, बाराशेत भरून देतो.’ दाब मोजायचा मीटर लावला नाही, बोनेटही उघडलं नाही.

या गॅसच्या बाबतीत थोडं बोलायला हवं, कारण ‘दरवर्षी उन्हाळ्याआधी गॅस भरून घ्यायचा’ हे लोक तेल बदलल्यासारखं करतात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता टाकून द्रव होतो, मग बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो आणि तिथे उकळताना केबिनमधली उष्णता खेचून घेतो. माझ्या गाडीत आर-१३४ए आहे. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. रबरी नळ्या आणि सील यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं, पण गॅस खरोखर कमी झाला असेल तर गळती कुठे आहे ते आधी शोधायला हवं. आणि भरायचा तो वजनावर. बोनेटखाली स्टिकर असतो, त्यावर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. लहान गाड्यांत हा आकडा साधारण चारशेच्या आसपास. अंदाजानं जास्त भरला तर दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसर खरोखरच कण्हायला लागतो. म्हणजे आवाज घालवायला गेलात आणि विकत घेऊन आलात. त्यात जुना गॅस सरळ हवेत सोडून द्यायची आपल्याकडची पद्धत. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोन खाणारा आर-१२ हटवून हा आर-१३४ए आणला. हा ओझोनला काही करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट हातभार लावतो. गटारावर फस्स करून सोडून द्यायची ती वस्तू नाही.

शिवाय गॅस कमी असला की त्याची वेगळी खूण असते. दाब कमी पडला की स्विच कॉम्प्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा भाग, सोडतो, दाब सावरला की परत धरतो, आणि इंजिनाकडून काही काही सेकंदांनी ‘टक... टक’ येत राहतं. आमचा क्लच एकदा धरला की छान धरून राहत होता. म्हणून बाराशे रुपये खिशातच ठेवून मी घरी आलो.

लॅबमध्ये एफवायच्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो की एका वेळी एकच गोष्ट बदला. तेच गाडीवर करायचं ठरवलं. रात्री दहानंतर, कंपाउंडातलं क्रिकेट संपलं की. हिलाही खाली आणलं, कारण टकटक ऐकणारा कान तिचा.

आधी किल्ली फक्त ‘ऑन’वर. इंजिन बंद. ब्लोअर एकवर. टक... टक... टक. दोनवर टकटक, तीनवर टकटकटक, चारवर ती इतकी जलद झाली की पंख्याच्या घोंघावण्यातच मिसळून गेली. मला ती पहिल्यांदा नीट ऐकू आली. अर्थात, मी ड्रायव्हरच्या सीटवरून उठून डावीकडच्या सीटवर बसलो होतो. ब्लोअरची मोटर असते ग्लोव्ह बॉक्सच्या मागे-खाली, म्हणजे डावीकडे बसणाऱ्याच्या बरोबर गुडघ्यासमोर. मी उजवीकडे, मध्ये इंजिनाचा आवाज, आणि मी आपला छातीठोकपणे ‘टकटक नाहीच’ म्हणत होतो. ‘ऐकलंत?’ एवढंच ती म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो सोनोमीटरवर बसणारा नव्हता.

आणि महत्त्वाचं म्हणजे इंजिन बंद होतं. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद असताना तो आवाज करूच शकत नाही. सर्व्हिस सेंटरचं अर्धं निदान तिथेच, एक थेंब पेट्रोल न जाळता, निकालात निघालं.

मग ब्लोअर बंद, एसी बंद, आणि इंजिन चालू. घुर्रर्र. बोनेट उघडल्यावर जास्त. हिला रेस द्यायला सांगितलं तर सूर वर चढला, सोडल्यावर खाली आला. आता एसी लावला. क्लचनं ‘टक’ केलं, आणि घुर्रर्र चक्क निम्म्यावर आला. पुढचा पंखाही लागला, त्याचा हूंऽऽ वेगळा, तो एसीबरोबर लागायचाच. एसी बंद केला, घुर्रर्र परत पूर्ववत. पुन्हा लावला, पुन्हा कमी. एसी लावल्यावर कमी होणारा एसीचा आवाज! ही बोनेटवर कोपर टेकून म्हणाली, ‘म्हणजे एसी बंद ठेवला की बिघडतो का?’ खरं तर प्रश्न अगदी बरोबर होता.

आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर अण्णा राहतात. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, डब्यांच्या चाकांच्या बेअरिंगवर जन्म गेला. रात्री बोनेट उघडं दिसलं की ते गॅलरीतून बघतात, आणि मग त्यांच्यानं राहवत नाही. लेंग्यावर बनियन घालून, हातात एक सळई घेऊन ते खाली आले. आधी माझ्या शर्टाच्या बाह्या दुमडायला लावल्या, हिला ओढणी काढून आत ठेवायला सांगितली. फिरता पट्टा आणि ओढणी ही जोडी त्यांनी वर्कशॉपात काय काय रूपात पाहिली असेल कोण जाणे. मग सळईचं एक टोक बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या अंगावर टेकवलं आणि दुसरं टोक कानामागच्या हाडाला.

‘हा बरा आहे.’

मग वॉटर पंपाजवळ. ‘हाही बरा.’

मग कॉम्प्रेसरच्या अंगावर, मागच्या बाजूला. ‘इथे येतोय, पण लांबून येतोय.’ मग पुलीच्या मागे, कॉम्प्रेसरच्या नाकाजवळ. तिथे टेकवल्याबरोबर त्यांनी डोके मागे घेतलं. ‘बेअरिंग. हे बघ, तूच ऐक.’

मी ऐकलं. हाडातून येणारा तो आवाज घुर्र नव्हता, खरखर होती, आणि तिला एक ठेका होता. हवेतून ऐकताना हे काहीच कळत नाही. (कानात सळई घालायची नाही, हाडाला टेकवायची. आणि पट्ट्यापासून हात लांब. काही गाड्यांत पुढचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक लागतो, तेवढं लक्षात ठेवायचं.)

हिच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. कॉम्प्रेसरच्या पुढे जी पुली असते ती एसी लावलेला असो वा नसो, इंजिन चालू असलं की पट्ट्याबरोबर कायम फिरते. ती कॉम्प्रेसरच्या नाकावर एका बेअरिंगवर बसलेली असते. एसीचं बटण दाबलं की पुलीच्या मागच्या तांब्याच्या कॉइलमध्ये करंट जातो, तिचं चुंबक होतं, आणि ते पुढची लोखंडी चकती खेचून पुलीला चिकटवतं. त्या चकतीला कॉम्प्रेसरचा दांडा जोडलेला. आता खरा कॉम्प्रेसर फिरायला लागतो. म्हणजे ते बेअरिंग राबतं इंजिनाच्या प्रत्येक मिनिटाला, आणि कॉम्प्रेसर राबतो फक्त एसी चालू असताना. बेअरिंग ढिलं झालेलं असलं तर चुंबकाच्या ओढीनं पुली एका बाजूला धरून ठेवली जाते, हादरणं कमी होतं, आवाज दबतो. कॉम्प्रेसर आतून गेला असता तर उलट झालं असतं. एसी बंद असताना शांतता आणि लावल्यावर खडखडाट.

‘पाण्यातून नेली होती काय गाडी?’ अण्णांनी विचारलं. मी गांधी मार्केट सांगितलं. त्यांनी नुसतं ‘हं’ केलं. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत कॉम्प्रेसर बराच खाली असतो, आणि पट्टा पाणी उचलून थेट पुलीवर मारतो. बेअरिंगला रबरी सील असतं, पण दहा वर्षांचं सील आणि मुंबईचं ते पाणी, ज्यात माती, तेल आणि काय काय असतं. ग्रीस धुऊन निघतं, गोळ्यांच्या मार्गावर गंज धरतो, आणि दोन-तीन महिन्यांनी आवाज सुरू होतो. तोवर पाण्याचा दिवस कुणाच्या लक्षातही नसतो.

रविवारी आधी सोपं काम काढलं, ब्लोअरचं. ग्लोव्ह बॉक्स उघडायचा, दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबायच्या, तो खाली लोंबकळतो. मागे ब्लोअरचा काळा गोल डबा दिसतो. वायरचा कप्लर काढला, तीन स्क्रू काढले, मोटर पंख्यासकट खाली हातात आली. हे करताना हातमोजे आणि मास्क घाला, विनोद नाही. तिथे उंदीर जातात. आमच्याकडे शेंगदाण्याची टरफलं निघाली, लेंड्या निघाल्या, आणि मुंबईत पावसाळ्यानंतर लेप्टोचं, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाचं, नाव ऐकलेलं असताना त्या उघड्या हाताने उचलायच्या नाहीत. सॅनिटायझर मारून, ओल्या फडक्याने पुसून काढलं, कोरडं झाडलं नाही.

पिंजऱ्यासारखा पंखा असतो तो, गोलाकार उभ्या पात्यांचा. दोन पात्यांच्या मध्ये रेनट्रीच्या पानाचा वाळलेला देठ आडवा अडकला होता, बोटाएवढा, आणि त्याचं एक टोक बाहेर येऊन प्रत्येक फेरीला डब्याला लागत होतं. टकटकटक. बाकी पात्यांत बारीक पानं आणि पिवळ्या सोनमोहराच्या पाकळ्यांचा चुरा. जुन्या टूथब्रशने साफ केलं. एका पात्यावर लोखंडाची छोटी क्लिप लावलेली दिसली. ही कचरा समजून काढू नका. पंख्याचा तोल सांभाळण्यासाठी कारखान्यात लावलेली असते. ती काढली की पंखा थरथरतो, आणि मग डॅशबोर्डमधून एक नवीनच हम्म् ऐकत बसावं लागतं. मोटरचा दांडा बोटाने हलवून पाहिला, खेळ नव्हता. परत बसवलं, ब्लोअर चारही वेगांवर फिरवला. स्वच्छ.

पानं शिरतात ती काचेखालच्या, वायपरजवळच्या जाळीतून. तिच्या खालच्या बाजूला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चिकटवला. आणि आता गाडी उभी करताना एसीची खिट्टी ‘आतली हवा’वर ठेवतो, म्हणजे बाहेरचा पडदा बंद राहतो आणि उंदरांना सरळ वाट मिळत नाही. ते दुसरी वाट शोधतील, पण शोधू देत.

संध्याकाळी पवईपर्यंत एक चक्कर मारली. ‘गेला की हो आवाज!’ ही खूष. मी म्हटलं, कुठे गेला? तिच्या बाजूचा गेला होता, माझ्या बाजूचा तसाच. पुष्कळ लोक इथे फसत असावेत. दोन आवाज एकमेकांत मिसळलेले, एक दुरुस्त केला तरी गाडी गप्प होत नाही, म्हणून केलेली दुरुस्ती फुकट गेली असं वाटतं आणि मग मोठ्या बिलाला मान डोलावली जाते.

घुर्रर्रसाठी अण्णांच्या ओळखीनं कांजूरमार्गला एका एसी मेकॅनिककडे गेलो. साताऱ्याकडचा तरुण, गाळा एवढासा, पण भिंतीवर हत्यारं ओळीने. त्यानं आवाज ऐकला आणि काहीच निदान सांगितलं नाही, हे मला फार आवडलं. आधी मीटर लावला. कमी दाबाची बाजू ३८ पीएसआय, जास्त दाबाची २१० च्या आसपास, त्या उन्हात अगदी बरोबर. ‘गॅसला हात लावायची गरज नाही, काका.’ मग इंजिन बंद करून एसीचा पट्टा काढला. माझ्या गाडीत एसीचा पट्टा वेगळा आहे, म्हणून हे सोपं. सगळ्याला मिळून एकच पट्टा असेल तर पंप आणि अल्टरनेटरही थांबतात, तेव्हा इंजिन काही सेकंदच चालवायचं. पट्ट्याविना इंजिन सुरू केलं. घुर्रर्र गायब. इतकं शांत इंजिन मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

पुन्हा बंद केलं. ‘आता हात लावा,’ तो म्हणाला. पुली हातानं फिरवली तर जात्यात वाळू गेल्यासारखी लागत होती, आणि वर-खाली केली तर किंचित डुगडुगत होती. मग त्यानं मधली चकती फिरवायला सांगितली, म्हणजे खुद्द कॉम्प्रेसरचा दांडा. तो एकसारखा, जरा जड, पण गुळगुळीत फिरला. कुठे अडखळ नाही, खर नाही. सर्व्हिस सेंटरला हा अर्ध्या मिनिटाचा प्रयोग का सुचू नये? त्या मुलाचं उत्तर मला पटलं. ‘त्यांच्या यादीत बेअरिंग नसतं काका. कॉम्प्रेसर असेंब्ली असते. यादीत नाही ते ते कसं बदलणार?’ म्हणजे तिथला मुलगा खोटं बोलत होता असंही नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर जी सर्वांत छोटी वस्तू दिसते ती अठ्ठावीस हजारांची आहे.

यात एक मोठा फायदा असा की बेअरिंग बदलायला गॅसची नळी उघडावी लागत नाही. पूर्ण कॉम्प्रेसर बदलायचा तर गॅस काढा, ओल शोषणारा ड्रायर नवीन घाला, तेल बघा, व्हॅक्यूम करा, परत वजनावर गॅस भरा. इथे पुढचं चाक आणि त्यामागचं प्लास्टिकचं झाकण काढलं की समोर पुली. चकतीचा नट, मग चकती, मग सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), मग पुलरने पुली ओढून काढायची. बेअरिंग पुलीत बसवलेलं, ते प्रेसवर दाबून काढायचं. जुन्याच्या कडेवर आकडे होते, ३५-५२-२०. आतला व्यास ३५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी २०. ही माहिती मिळाली की गाडीचं मॉडेल सांगायचीही गरज नाही.

तो म्हणाला मी मागवतो, पण मी म्हटलं मीच आणतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजनंतर उलट्या दिशेची लोकल धरून मशीद बंदरला उतरलो आणि नागदेवी स्ट्रीटवर गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नागदेवीला हत्यारं, पट्टे, नट-बोल्ट, बेअरिंग यांची दुकानं रांगेनं आहेत. हातगाड्या, डोक्यावर खोकी घेतलेले हमाल आणि त्यांच्या मधून आपण. मी जुनं बेअरिंग खिशातून काढून काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं ते उचललंही नाही, लांबूनच बघून म्हणाला, ‘एसी क्लचचं. कुठलं देऊ, चांगलं की चालणारं?’ किमतीत तिपटीचा फरक. चांगलं घेतलं, साडेसहाशे रुपये. खोक्यावरच्या छपाईपेक्षा बेअरिंगच्या कडेवर कोरलेली अक्षरं बघावीत. नकली मालावर ती पुसट किंवा वाकडी असतात. आणि कॅलिपर घेऊन गेलो होतो, तिथेच तिन्ही मापं मोजली. दुकानदाराला त्याचं काहीच वाटलं नाही, तिथे सगळेच मोजतात.

बसवताना मेकॅनिकनं दोन गोष्टी केल्या ज्यांवरून मला त्याची पारख झाली. बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या कड्यावरच येईल असा गोल ठोकळा वापरला. आतल्या कड्यावर दाब दिला तर गोळ्यांच्या मार्गावर खाचा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. आणि शेवटी चकती व पुली यांच्यातली फट फीलर गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या, घालून तीन ठिकाणी मोजली. साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर हवी. कमी असली तर एसी बंद असतानाही चकती घासते, जास्त असली तर चुंबक तिला खेचू शकत नाही आणि गरम दिवशी क्लच घसरतो. आमची ०.७ च्या पुढे होती, जुन्या चकतीच्या झिजेमुळे. आतला एक पातळ वॉशर काढला, फट ०.४५ वर आली. मीही हौसेनं मल्टिमीटर काढून कॉइल मोजली, ३.७ ओहम, म्हणजे ठीक. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या गाळ्यात प्रॅक्टिकलची परीक्षा घ्यायला आलोय.

मजुरी बाराशे. घाटकोपरला गॅसचे जेवढे सांगितले होते तेवढीच.

हे बेअरिंग तसंच चालवलं असतं तर काय झालं असतं, असं मी विचारलं. ‘जुनी गाडी, आवाज येणारच’ म्हणणारे भेटतातच, म्हणून. त्यानं कोपऱ्यातून एक जुनी पुली काढून दाखवली. बेअरिंग ढिलं झालं, पुली तिरकी फिरायला लागली, आतल्या कॉइलला घासली, कॉइल जळली, आणि शेवटी बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटला. ज्या गाड्यांत एकच पट्टा असतो तिथे पट्टा गेला की बॅटरीचं चार्जिंगही गेलं, आणि हे सगळं घाटात होऊ शकतं. त्या गाडीला मात्र खरोखर अठ्ठावीस हजारांचं काम निघालं असेल.

नवा पट्टा घातला नाही, जुना चांगला होता, फक्त ताण नीट केला. दोन दिवसांनी सकाळी गाडी सुरू केल्यावर पट्टा किंचाळला, दोन-तीन सेकंद, मग गप्प. अण्णा गॅलरीतून ओरडले, ‘ताण बघ रे!’ तो पुन्हा बघून घेतला. ओढलेला पट्टा थोडे दिवस चालल्यावर सैलावतो, तेव्हा एकदा परत बघावाच लागतो.

आता चिपळूणच्या वाटेवर हिचे प्रश्न सुरू झालेत. इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डमधून अर्धा मिनिट ‘स्स्स्’ येतं, ते काय? दोन्ही बाजूंचा दाब सारखा होताना गॅस त्या बारीक छिद्रातून सरकतो, त्याचा आवाज. येऊ दे. आणि पेणला चहाला थांबलो तेव्हा गाडीखाली पाणी ठिबकत होतं, ते? कूलिंग कॉइलवर जमलेलं हवेतलं बाष्प. ते बाहेर ठिबकायलाच हवं. ज्या दिवशी ठिबकायचं थांबून तिच्या पायाखालची चटई ओली होईल, त्या दिवशी निचऱ्याची नळी चोंदली असं समजायचं. ती नळी रेनट्रीच्या पानांनीच चोंदणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.